सिलॅबलवाले सर

परभणी जिल्ह्यात तालुके ९ आणि सिलॅबलवाले सर प्रत्येक तालुक्यात किमान एक. इंग्लिशचे बाकीचे सर निबंध पाठ करून घेतात, गाईड सुचवतात, 'टेन्स पक्के करा, पेपर निघून जाईल' असा धीर देतात. सिलॅबलवाल्या सरांना पेपर निघून जाण्यात काडीचा रस नसतो. त्यांच्या मते इंग्लिश स्पेलिंगात नाही, ग्रामरातही नाही. इंग्लिश हनुवटीत असते.

त्यांना ओळखणं सोपं आहे. स्टेशन रोडवरच्या हॉटेलात चहा निवत चाललेला असतो आणि सरांचा अंगठा बोटांच्या पेरांवरून सरकत असतो. शेजारच्या बाकावरचे म्हातारबुवा कौतुकानं म्हणतात, "सर लई धार्मिक हाय. चहा पितानाबी जप चालू." सर समोरच्या पाटीवरचं 'रेस्टॉरंट' मोजत असतात. इंग्लंडातले बरेच लोक हा शब्द दोन झटक्यांत संपवतात, काही जण तीन घेतात. पाटी रंगवणाऱ्यानं मधलं 'टॉ' असं ऐसपैस काढलेलं असतं की त्याला गिळायचं म्हटलं तरी जीभ धजावत नाही. सर तीनवर ठाम राहतात आणि गार चहा पिऊन उठतात.

वर्गातली पद्धत अशी: उजवा पंजा हनुवटीखाली आडवा धरायचा, शब्द मोठ्यानं म्हणायचा आणि हनुवटी जितक्या वेळा पंजाला टेकेल तितके सिलॅबल. 'बनाना' म्हटलं की तीन टेके. पद्धत चांगलीच आहे, जगभर शाळांतून वापरतात. पण सातवीची साठ पोरं एकदम हनुवटीला हात लावून 'बना-ना, बना-ना' करू लागली की बाहेरून जाणाऱ्याचा जीव दडपतो. एकदा तपासणीला आलेले साहेब दारातच थबकले. मुख्याध्यापकांना बाजूला घेऊन त्यांनी हळूच विचारलं, "गालफुगीची साथ आहे का हो?" सरांनी खुलासा केला. साहेबांनी शेऱ्यात 'विद्यार्थी उत्साही' असं लिहिलं आणि जाताना जीपमध्ये स्वतःच्या हनुवटीला हात लावून पाहिला, असं शिपाई अजून सांगतो.

सरांची खरी अडचण पोरं नाहीत, जिल्हा आहे. परभणी १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होती. जुन्या पिढीनं शाळेत उर्दू गिरवली आणि उर्दूच्या सवयीनं जोडाक्षरापुढे एक 'इ' लावायला शिकली. त्यामुळे आजोबांचं 'इस्टेशन' तीन सिलॅबलचं. खेड्यातून आलेला गडी पुढचा 'स' वेशीवरच टाकून येतो, त्याचं 'टेसन' दोनचं. सरांचं 'स्टेशन'ही दोनचंच, पण ते दोन वेगळे, असं सर बजावून सांगतात. गाडी तीच आणि तिला उशीरही सगळ्यांसाठी सारखाच. प्लॅटफॉर्म म्हणजे इंग्लंडात दोन, आणि पूर्णा जंक्शनला हमालाच्या तोंडी 'पलाटफारम' म्हणजे चांगले चार. सर त्या हमालाला सुधारायला गेले नाहीत हे मला आवडतं. उलट घरी येऊन पोरांना म्हणाले, "आयर्लंडात 'फिल्म'ला 'फिलम' म्हणतात, एकाचे दोन करतात. तिथं ती आयरिश लकब असते. आपल्याकडं तेच म्हटलं की अडाणी. कामून?" आणि मग चटकन गंभीर होऊन, "पण परीक्षेत एकच."

जिल्ह्याच्या घोषवाक्यालाही त्यांनी सोडलेलं नाही. 'जगात जर्मनी, भारतात परभणी' हे लहान पोरालाही पाठ असतं. सरांनी ते फळ्यावर लिहून दोन्ही बाजू मोजल्या. कागदावरची अक्षरं मोजली तर सहाला आठ भरतात. तोंडानं म्हणून मोजलं तर पाचाला सहा. म्हणजे कसंही मोजा, जर्मनी कमीच. सर या निकालावर आठवडाभर खूश होते. 'परभणी'त लिहिताना चार आणि बोलताना तीन, एक जण गायब होतो, हे मात्र त्यांनी गावात कुणाला सांगितलं नाही.

हा गायब होणारा अ-कार म्हणजे सरांच्या संसारातलं दुखणं. मराठीत 'राम' लिहिताना दोन अक्षरं आणि बोलताना एक झटका. पण अभंग-ओवीत प्रत्येक लिहिलेलं अक्षर हजेरी लावतं, ऱ्हस्व असो की दीर्घ. गंगाखेड ही जनाबाईंची जन्मभूमी. तिथल्या पोरांच्या कानांवर टाळ आधी पडतो, इंग्लिश नंतर. अशा एका भजनी मंडळातल्या पोराला सरांनी 'मिल्क' मोजायला सांगितलं. पोरानं दोन टाळ्या वाजवल्या, 'मिल्-क'. सर म्हणाले एक. पोरगं म्हणालं, "सर, मंग 'क' कुठं गेला?" सरांनी त्याला हनुवटी धरायला लावली. पोरानं शेवटचा 'क' असा आळवला की हनुवटी खरोखरच दुसऱ्यांदा टेकली. पद्धतीप्रमाणे पोरगं जिंकलं होतं. सरांनी तास पाच मिनिटं आधी सोडला.

असा प्रसंग आला की सर कोशाकडे धाव घेतात. डॅनियल जोन्सनं १९१७ साली इंग्लिश उच्चारांचा कोश काढला, हे ते पोरांना शिवाजी महाराजांच्या जन्मतारखेच्या तोलानं सांगतात. पण त्यांचा खरा जीव १९९०च्या लाँगमनच्या उच्चारकोशावर. जे. सी. वेल्स नावाच्या ध्वनिशास्त्रज्ञानं तो केला आणि वादाच्या शब्दांसाठी चक्क लोकांचा कौल घेतला. शिवाय दोन सिलॅबलचा एक होऊ शकतो अशा जागी दोन अक्षरांखाली एक बारीकशी वाटी काढून ठेवली. सरांनी आशेनं कोश उघडला होता की आता एकदाचा निकाल लागेल. निघालं असं की कोशकारच म्हणतोय, असंही चालतं, तसंही चालतं. सरांसारख्या माणसाला हे म्हणजे पंचांगात 'मुहूर्त सकाळीही आहे, नाहीही' असं छापल्यासारखं वाटलं.

तरी नियम शिकवावेच लागतात. एका सिलॅबलच्या विशेषणाला 'ईआर' लावा, लांबलचक असेल तर आधी 'मोअर' लावा. पोरं हे मान्य करतात. मग एखादं विचारतं, "सर, 'टायर्ड' एक का दोन?" एक म्हणावं तर 'टायर्डर' असं अचाट काहीतरी तयार होतं. दोन म्हणावं तर मागच्या तासाला 'फायर' एक सांगितलेला. सर म्हणतात, "टायर्ड आधी क्रियापद होतं, त्याला मोअरच." हे खरं आहे, पण त्यांनी विषय बदलला हे पोरांना कळतं.

यंदाच्या गॅदरिंगला इंग्लिश हायकूची स्पर्धा ठेवण्याची कल्पना त्यांचीच. मराठीत हायकू आणला तो शिरीष पै यांनी, पण सरांना हवा होता पाच-सात-पाचचा काटेकोर हिशोब. आता जपानी लोक सिलॅबल मोजतच नाहीत. ते मोजतात ते आपल्या मात्रेच्या जवळचं. 'हायकू' हा शब्द जपानीत तीनचा, इंग्लिशमध्ये दोनचा. सरांना हे माहीत होतं. जाहीर सूचनेत त्यांनी ते लिहिलं नाही.

बऱ्याच पोरांनी हायकूऐवजी चारोळ्या दिल्या. एका नववीतल्या मुलीनं मात्र नेमक्या तीन ओळी दिल्या: 'एव्हरी इव्हिनिंग, लाइट गोज फ्रॉम अवर व्हिलेज, मदर लाइट्स द फायर.' सरांना पहिल्यांदा ती आवडली आणि मग त्यांनी अंगठा पेरांवर ठेवला. पहिली ओळ साहेबी थाटात चार, कारण ते 'एव्हरी' दोनमध्ये आणि 'ईव्हनिंग' दोनमध्ये उरकतात. जिंतूर रोडवर तीच ओळ पाच. दुसरीत 'अवर' एक धरला तर सहा, दोन धरला तर सात. तिसरीत 'फायर' एक धरला तर पाच, दोन धरला तर सहा. म्हणजे एकच कविता पंधरापासून अठरापर्यंत कुठंही बसत होती.

सरांनी मुलीला स्टाफरूममध्ये बोलावलं. "पोरी, लाइट जाते हे मराठी झालं. पॉवर म्हणावं." तिनं मान डोलावली. मग सरांच्याच लक्षात आलं की 'पॉवर'ही त्याच घराण्यातला, एकही आणि दोनही. "ऱ्हाऊ दे, लाइटच ऱ्हाऊ दे. अवर दोन धरू. फायर एक धरू. बसलं बघ सतरात."

मुलगी बोटं मोजत उभी राहिली. "सर, अवरला दोन अन् फायरला एक, असं कामून?"

सरांनी खिडकीबाहेर पाहिलं. कबड्डीचा सराव चालला होता, त्यात त्यांना काही दिसलं नसावं. "बरं, दोन्ही दोन धर. मग एक जास्त होतो."

"मंग 'द' काढते. 'मदर लाइट्स फायर'. पाच."

इथं सरांमधला मोजणारा आणि सरांमधला इंग्लिशचा मास्तर समोरासमोर आले. आयुष्यभर त्यांनी पोरांच्या वह्यांतून न लिहिलेले 'द' लाल शाईनं आत घुसवले होते. आर्टिकल गाळणं हा मराठी माणसाचा जन्मसिद्ध हक्क आहे असं पोरांना वाटतं, आणि त्या हक्काविरुद्ध सर एकटे लढत आले होते. आता स्वतःच्या तोंडानं 'काढ' म्हणायचं? त्यांनी कविता 'द'सकट ठेवली. पहिलं बक्षीस कुणालाच दिलं नाही, हिला दुसरं दिलं. चिठ्ठीवर कारण लिहिलं: 'एक सिलॅबल अधिक'.

गॅदरिंगच्या दिवशी प्रमुख पाहुण्यांना बक्षीसपात्र कविता वाचण्याचा आग्रह झाला. पाहुणे मोंढ्यातले मोठे आडते, इंग्लिशशी संबंध पावतीपुस्तकापुरता. त्यांनी चष्मा चढवला, कागद लांब धरला आणि दमदार आवाजात वाचलं: "एव्हरी इव्हिनिंग. लाइट गोज फ्रॉम अवर व्हिलेज. मदर लाइट्स फायर." 'द' त्यांनी पाहिलाच नाही. टाळ्यांचा कडकडाट झाला, मागच्या रांगेतून शिट्ट्याही आल्या.

स्टेजच्या कोपऱ्यात सर पाठीमागे हात बांधून उभे होते. उजव्या हाताची बारा पेरं संपली, डाव्या हाताची पाच. पाच, सात, पाच.

मुलगी बक्षीस घेऊन खाली उतरताना त्यांच्यापाशी थांबली. "सर, आलं ना बरोबर?"

"आलं," सर म्हणाले. "बरोबर सतरा आलं. पण पेपरात लिहिशील तेव्हा 'द' लिही, नाहीतर अर्धा मार्क जातो."