अंड्यांना कूलर

खाकी कॅम्पबेल ही बदकांतली नोकरदार जात. वर्षाला ३०० च्या घरात अंडी घालते, उबवायची वेळ आली की सरळ निघून जाते. इंग्लंडातल्या कॅम्पबेलबाईंनी ती तयार केली आणि फौजी गणवेशाच्या रंगावरून नाव ठेवलं. १९०४ पासून तोफगाड्यांचा कारखाना सांभाळणाऱ्या आमच्या जबलपुरात खाकीचं कुणाला कौतुक! खेड्यात ही अंडी खुडूक कोंबडीखाली ठेवतात. इथे नेपियर टाउनात खुडूक कोंबडी कुठली? ह्यांनी अंड्यांबरोबर थर्माकोलचा खोका, बल्ब आणि थर्मोस्टॅट आणला.

आमच्या घरात अंड्याचं नाव काढलेलं सासूबाईंना चालत नाही. पण ‘ही खायची नाहीत ना? मग ती पिल्लंच, फक्त अजून बाहेर यायची आहेत,’ असा निवाडा त्यांनीच दिला आणि खोका देवघराशेजारी गेला.

पुस्तकात लिहिलंय, ३७.५ अंश ऊब द्या. पुस्तक थंड देशातलं. इथे मे महिन्यात बाहेर ४३! बल्ब पेटायचं नाव घेईना. उबवायला ठेवलेली अंडी शिजू नयेत म्हणून घरातला एकुलता एक कूलर देवघराकडे वळला. आम्ही घामाने निथळतोय, अंडी खसच्या वासात पहुडलीत. वीज गेली की सासूबाई विंझणा घेऊन बसत.

अंडी दिवसातून चार-पाचदा फिरवावी लागतात, नाहीतर गर्भ कवचाला चिकटतो. कुठली बाजू वर होती ते कळावं म्हणून ह्यांनी पेन्सिलीने फुली मारली. सासूबाईंनी ती खोडून स्वस्तिक काढलं.

२५ व्या दिवशी फिरवणं बंद. २८ व्याच्या सुमाराला पिल्लं. कवचाला भोक पाडल्यावर पिल्लू दीड-दोन दिवस घेतं आणि तेव्हा मदत करायची नसते. सासूबाई फोनवर सगळ्यांना सांगत होत्या, “कळा सुरू झाल्यात, नंतर बोलते.”

बाहेर आल्यावर पहिलं जे हलताना दिसेल, ती आई. कोनराड लोरेंत्स या शास्त्रज्ञाने कलहंसाची पिल्लं अशीच आपल्यामागे फिरवली. पुढे १९७३ च्या नोबेलमध्ये त्याचा वाटा होता. आमच्याकडे मान सासूबाईंना. त्या तुळशीला पाणी घालायला निघाल्या की मागे पिल्लांची रांग. शेजारच्या भाभी म्हणतात, “अम्माजी की पलटन निकली!” बावन्न तालांचं, म्हणजे तळ्यांचं, म्हणवणारं हे शहर, पण बऱ्याच तालांवर आता मोहल्ले उभे आहेत, त्यामुळे पलटन आमच्या कपड्यांच्या टबात पोहते.

नोव्हेंबरात ही बदकं स्वतः अंडी घालू लागतील. तेव्हा इथे थंडी. सासूबाईंनी ट्रंकेतून माझी दुलई आत्ताच काढून ठेवली आहे.