बनी तो बनी, नहीं तो रील

परभणीत पोरांचं इंडी पॉप गाणं तयार आहे; म्हणजे चाल आहे, शब्द यायचेत. नियोजनाच्या चार बैठका टपरीवर झाल्या, त्यातल्या तीन बँडच्या नावावरच. चाचणी चित्रीकरण कृषी विद्यापीठाच्या रस्त्यावर, भर मे महिन्यात, दुपारी एकला. नायकाचा गॉगल तापला. मोबाइलनं तर सरळ डोळेच मिटले. हाती काय लागलं? अकरा सेकंद, त्यात सात सेकंद म्हैस. (अभिनय तिचाच बरा.)

१९१२ मध्ये दादासाहेब फाळक्यांनीही आधी चाचणीच घेतली होती: वाटाण्याच्या रोपाची वाढ, रोज थोडी थोडी टिपून. ती पाहून सिनेमासाठी पैसा उभा राहिला. आमच्या दिग्दर्शकाला घरून फोन आला: येताना कोथिंबीर घेऊन ये.