मांडीप्रामाण्य आणि डच खुर्ची

एखादी जुनी खुर्ची मोलाची आहे की नाही, हे ठरवण्यासाठी जाणकार तीन प्रमाणं मानतात : डिझायनरचं नाव, कारखान्याचा शिक्का आणि लिलावातली बोली. चौथं प्रमाण असं की, तिच्यावर मांडी घालता येते का? ॲम्स्टेलवेनपासून आइंडहोवनपर्यंतच्या मराठी घरांत हे प्रमाण रोज वापरात आहे. तरीही जाडजूड सूचिपत्रांत सागाची, पोलादाची, फोमची चर्चा सापडते, मांडीबाबत मौन. ही उणीव भरून काढायला कुणी पुढे येईना, म्हणून हा प्रबंध.

आधी काळाची चौकट. महायुद्धानंतर नेदरलँड्समध्ये घरांची इतकी टंचाई होती की तिला जनतेचा क्रमांक एकचा शत्रू म्हणत. घरं लहान, माणसं जास्त. अशात १९४६ साली 'खूत वोनन' नावाची संस्था निघाली. लोकांनी नीट कसं राहावं, हे लोकांना सांगायचं, हा तिचा उद्देश. आजोबांच्या काळातली अवजड, काळपट कपाटं काढून टाका, हलकं, साधं, उचलता येईल असं फर्निचर आणा, उजेड आत येऊ द्या, असा तिचा उपदेश. त्यासाठी मासिक काढलं, नमुना-घरं मांडून दाखवली. टेबलाच्या पायांवरून कुटुंबाचं चारित्र्य ओळखण्याची ही पद्धत आपल्याकडे रुजली नाही, कारण आपल्याकडे त्या कामाला शेजारी पुरतात. पण त्या पायांखालून केरसुणी आरामात फिरते, एवढं श्रेय द्यायलाच हवं.

आता मुख्य विषय. खुर्चीशी माणसाचं नातं कसं असावं, याबद्दल नेदरलँड्समध्ये तीन पंथ आढळतात. पहिला अधोदर्शी. 'क्रिंगलोप' म्हणजे जुन्या वस्तूंच्या दुकानात एखादा गृहस्थ खुर्चीखाली उताणा पडलेला दिसला, तर रुग्णवाहिका बोलावू नये. तो शिक्का शोधतो आहे. या पंथाचे लोक खुर्चीवर सहसा बसत नाहीत, बसल्याने किंमत उतरते. दुसरा उपवेशी : दोन्ही पावलं जमिनीवर, पाठ टेकलेली, हातात कॉफी. बहुसंख्य डच या पंथाचे. तिसरा आरोही. या पंथाचा माणूस खुर्चीपाशी येतो, चपला खाली सोडतो आणि वर चढतो. आपण तिसऱ्यांपैकी.

तिन्ही पंथांची खरी कसोटी लागते ती 'रिव्होल्ट' या खुर्चीवर. फ्रिसो क्रामर यांनी १९५३ साली ती आरेंड-दे सिर्कल या कंपनीसाठी केली. त्यांचे वडील पीट क्रामर यांनी ॲम्स्टरडॅममध्ये दोनशेहून अधिक पुलांची डिझाइनं केली. तेव्हा भार कुठून कुठे न्यायचा, हे घरातलंच ज्ञान. त्या काळी पोलादी खुर्ची म्हणजे वाकवलेली नळी, असा रिवाज होता. क्रामर यांनी नळी सोडली आणि पातळ पत्रा घडी घालून त्याचे पन्हाळीसारखे पाय केले. पत्रा हलका, घडीमुळे मजबूत. अधोदर्शी लोक हे पाय पाहून गहिवरतात, आणि रास्तच आहे. खालून पाहताना खुर्ची इतकी सुंदर क्वचितच दिसते. पण वरून? बैठक बेताची. आरोहण केल्यास दोन्ही गुडघे दोन बाजूंना अधांतरी राहतात आणि पंधरा मिनिटांत पायाला मुंग्या येतात. फार तर एक पाय वर, एक खाली, अशी अर्धी मांडी जमते. अर्धी मांडी हे प्रमाण मानायचं की प्रमाणाभास, यावर आमच्या घरात एकमत नाही.

१९५८ साली क्रामर यांनी विम रीटफेल्ड यांच्यासह 'रिझल्ट' ही खुर्ची केली. विम हे वास्तुकार खेरिट रीटफेल्ड यांचे चिरंजीव. ही खुर्ची डच शाळाशाळांत गेली. म्हणजे पोरांच्या कित्येक पिढ्या मांडीविना शिकल्या, आणि आता तीच पोरं मोठी होऊन त्या खुर्च्यांना जेवणाच्या टेबलाशी मानाची जागा देतात.

इथे पूर्वपक्ष येतो : ही कामाची खुर्ची, हिच्याकडून मांडीची अपेक्षाच गैर. उत्तर असं की, पेशवे दफ्तराचे रुमालच्या रुमाल कारकुनांनी भरले ते बैठकीवर मांडी ठोकूनच. तेव्हा कामाचा आणि लोंबत्या पायांचा नित्यसंबंध सिद्ध होत नाही. दुसरा आक्षेप मापांचा : खुर्ची देहाच्या मापांवरून ठरते, मांडीवरून नाही. डेल्फ्टच्या तंत्रविद्यापीठात 'डायनेड' नावाचा देहमापांचा मोठा संग्रह आहे. बसलेल्या माणसाची गुडघ्यामागची उंची, नितंबांची रुंदी, सगळं मिलिमीटरमध्ये. जगातल्या सर्वांत उंच लोकांमध्ये ज्यांची गणना होते, त्यांनी स्वतःला मोजत राहणं स्वाभाविक आहे. पण मांडी घातल्यावर या गुडघ्यापासून त्या गुडघ्यापर्यंत किती, हा प्रश्न खरा आपला. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेने १९९७ साली भारतीय देहमापांचा ग्रंथ काढला, त्यात जमिनीवरच्या बैठकींनाही जागा आहे. हे दोन संग्रह एका टेबलावर उघडून कुणी खुर्ची केली असती, तर माझं काम वाचलं असतं.

मांडीचा आद्य शत्रू मात्र अरुंद बैठक नव्हे, हात. हातांची खुर्ची म्हणजे गुडघ्यांना जप्ती. म्हणून मास्ट्रिख्टच्या 'आर्टिफोर्ट' कारखान्याकडे आदराने पाहावं लागतं. तिथे फ्रेंच डिझायनर पिएर पोलाँ यांनी १९६० मध्ये 'मशरूम' आणि १९६७ मध्ये 'टंग' आणली. आत पोलादी सांगाडा, त्यावर फोम, वर पोहण्याच्या पोशाखासारखं ताणणारं कापड. कोपरा नाही, शिवणीचा जाच नाही. मशरूम ऐसपैस आणि बुटकी. टंगला तर पायच नाहीत, जमिनीवर टाकलेली गादी मध्येच उठून बसावी तशी ती दिसते. या कारखान्याचे सल्लागार १९५८ पासून खो लियांग इ हे होते. त्यांचा जन्म जावातल्या मागेलांगचा, आणि १९६७ साली उघडलेल्या स्खिपोल विमानतळाच्या इमारतीची अंतर्गत मांडणीही त्यांचीच. जावात मांडी सर्रास चालते. सल्लागार जावाचा आणि खुर्ची जमिनीकडे सरकते आहे. कार्यकारणभाव सिद्ध करता येत नाही, पण संशयाला जागा आहे. एवढी वाटचाल करून युरोप शेवटी जमिनीपाशी पोहोचला आणि त्याचे हजारांत युरो लावू लागला, हे मात्र सांगलीच्या सतरंजीवाल्यापर्यंत पोहोचू देऊ नये.

व्यवहारात सर्वश्रेष्ठ ठरतो तो मार्टिन फिसर यांनी स्पेक्ट्रम कंपनीसाठी केलेला १९६० चा झोपायचा सोफा, 'बीआर झिरो टू'. पाठ पाडली की पलंग. अधोदर्शी त्याला अभिजात म्हणतात, आपण दिवाण म्हणतो. पुण्याहून नव्वद दिवसांच्या व्हिसावर आलेल्या आईने त्यावर मांडी घालून मटार सोलले, की प्रमाणाबद्दल शंका उरत नाही. वाद होतो तो नंतर. बेर्खाइकच्या 'दे प्लूख' गिरणीच्या (१९५८ ची तिची इमारत थोरल्या रीटफेल्डांची) अस्सल कापडावर आई सोलापुरी चादर अंथरते. कापड झाकलं तर सोफा कसला, हा संग्राहकाचा पक्ष. डाग पडला तर कापड कसलं, हा आईचा. चादर जिंकते.

खरेदीबद्दल थोडं. 'मार्क्टप्लाट्स' या जुन्या सामानाच्या संकेतस्थळावर 'पास्तूच्या धाटणीचं' असं लिहिलेलं कपाट उत्रेख्तच्या पास्तू कारखान्याचं नसतं. सागाचं म्हटलेलं टेबल बाबांनी बोटाच्या पेराने ठोकलं की व्हिनियर बोलतं. आणि २७ एप्रिलला, राजाच्या वाढदिवशी, कुणीही रस्त्यावर जुन्या वस्तू विकू शकतो. त्या दिवशी खुर्च्या विक्रीला मांडलेल्या असतात आणि विकणारी पोरं चटईवर बसलेली. उपवेशी पंथाचं हे वार्षिक प्रायश्चित्त मानावं. सकाळी भाव कडक असतो. संध्याकाळी पाऊस भुरभुरू लागतो, न खपलेलं सामान घरी नेणं विक्रेत्याच्या जिवावर येतं. तेव्हा चपला काढून खुर्चीवर चढावं, दोन्ही गुडघे मावतात का बघावं, आणि मगच किंमत विचारावी.