प्लेसमेंट गॅरंटीवाल्या सरांस खुलं पत्र

सर,



लातूरच्या ट्यूशन एरियात लेकरांना अठराव्या वर्षी डॉक्टर-इंजिनिअर करणारे पायलीला पन्नास. एमपीएससीच्या नादात 38 च्या वयोमर्यादेला टेकलेल्या आम्हा खुल्या गटातल्यांकडे मात्र कुणी ढुंकून बघत नव्हतं. तुम्ही बघितलंत. नांदेडात पाटी लावलीत: 'वयाची अट नाही, सॉफ्टवेअरमध्ये नोकरीची हमी.' फी 85 हजार. म्हणजे 2024-25 च्या 4,892 रुपये हमीभावानं सतरा क्विंटलच्या वर सोयाबीन. हमीभाव कुणाला मिळाला असेल तर, बरं का.

शिकवण्यात तुम्ही फार वेळ दवडला नाहीत. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलवर प्रोग्रॅमिंगचे धडे मराठीतूनही फुकट मिळतात, तेव्हा कशाला उगाच त्रास? जपानच्या मासाको वाकामिया आजींनी 2017 साली, एक्याऐंशीव्या वर्षी आयफोनसाठी गेम बनवला, हे सांगून तुम्ही आम्हाला चेव आणलात. आजी बँकेतून निवृत्त होत्या, नोकरी शोधत नव्हत्या, एवढं सांगायचं राहिलं.

तुमची खरी विद्या रेझ्युमेत. मोंढ्यातल्या अडतीवर मी बारा वर्षं हिशेब लिहिला. हमाली, तोलाई, उचल वजा करून शेतकऱ्याची पट्टी कशी निघते, ती कुठं चुकते आणि कुठं मुद्दाम चुकवतात, हे मला झोपेत विचारा. अडतीचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्याला नेमकं हेच कळत नाही. 'असलं लिहायचं नसतं' म्हणत तुम्ही ती बारा वर्षं पुसलीत आणि तिथं पुण्यातल्या एका कंपनीतला तीन वर्षांचा अनुभव चिकटवलात. कंपनी मी पाहिलेली नाही. तुम्ही तरी पाहिलीय का? अनुभवपत्रावरचा सही-शिक्का मात्र झकास. आणि मी मुंडी हलवली. चाळिशीजवळच्या माणसाची लाज किती लवकर विकत घेता येते, हे तुम्हाला बरोबर ठाऊक.

मुलाखतीत भाचीच्या वयाच्या पोरीनं पीएफचा यूएएन मागितला. कुठल्या मालकानं कधीपासून कधीपर्यंत पैसे भरले, ते त्यात दिसतं. माझ्यापाशी दाखवायला काहीच नव्हतं. तिनं पाणी विचारलं आणि फाईल मिटली. तुमचा फोन त्या दिवसापासून व्यस्त आहे. नवी बॅच जोरात असणार.

फी परत करा, नाहीतर ते अनुभवपत्र घेऊन मी पोलीस ठाण्यात जातो. आणि नांदेड-लातूरच्या माझ्या वयाच्या मंडळींनो, पैसे भरण्याआधी सरांकडं मागच्या बॅचमधल्या नोकरी लागलेल्या तिघांचे नंबर मागा. अन् रेझ्युमेत आपलं दुकान, आपली अडत राहू द्या.