तेरा चॅनेल, जागा तीन

रात्री आठला मॅच अडकते. फोन जातो इंटरनेट कंपनीला आणि उत्तर येतं: मोठा प्लॅन घ्या. शंभरचा प्लॅन तीनशेचा होतो. मॅच तरीही अडकते.

कारण दुखणं वायरीत नाही, हवेत आहे.

वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यात आपल्याकडे १३ चॅनेल. भरपूर वाटतात ना? पण दोन चॅनेलांत अंतर ५ मेगाहर्ट्झचं आणि एका राउटरला जागा लागते २०-२२ मेगाहर्ट्झ. एकमेकांना धक्का न लावता नांदणारे नेहमीचे तीनच: १, ६ आणि ११.

आणि मजल्यावर घरं चार!

मग एखादा हुशार ३ नंबर पकडतो. म्हणे, रिकामा होता. एकाच चॅनेलवरचे राउटर निदान एकमेकांचं ऐकतात, एक बोलला की दुसरा थांबतो. हा ३ वाला मात्र १ आणि ६ दोघांच्याही बोलण्यात नुसता गोंगाट मिसळतो. दोन घरांचं बिघडतं, याचंही सुधारत नाही.

दुसरा हुशार चॅनेलची रुंदी ४० करतो. म्हणजे जवळजवळ अर्धा पट्टा एकट्याच्या घशात.

‘ऑटो’वर ठेवलंय म्हणता? बरेच राउटर फक्त सुरू होताना आजूबाजूला बघतात. वीज जाऊन आली की अख्खी इमारत एकदम बघते आणि रिकाम्या दिसलेल्या एकाच जागेवर गर्दी करते.

गाडीच्या जागेसाठी सोसायटीत चिठ्ठ्या टाकतात, नंबर रंगवतात, प्रकरण कोर्टात नेतात. हवेतल्या तीन जागांसाठी साधा कागद नाही. का नाही?

काम अर्ध्या तासाचं आहे. रांगेतल्या चार घरांना १, ६, ११ आणि पुन्हा १. वरच्या मजल्यावर ६, ११, १, ६. शेजारी नको, डोक्यावर नको, एवढाच नियम. रुंदी सगळ्यांची २०.

टीव्ही, लॅपटॉप ५ गिगाहर्ट्झवर न्या. तिथे चॅनेल जास्त आहेत आणि २०१८ पासून आपल्याकडे त्या पट्ट्यातली बरीच जागा विनापरवाना खुली आहे. भिंतीपलीकडे तो सिग्नल लवकर दमतो, अशी तक्रार असते. दमू द्या की! शेजाऱ्याचाही आपल्याकडे येताना दमतोच.

सेक्रेटरीसाहेब, पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेत पार्किंगच्या खाली एक ओळ वाढवा: वायफाय चॅनेलचं वाटप.