पंधराशेची चिंता, गुंठ्यांचं काय?

भोरच्या भाटघर धरणाचं पाणी तीन-चार पिढ्या नीरेच्या कालव्यांनी बारामती, इंदापूर, फलटणचा ऊस भिजवतंय. बदल्यात भोर-वेल्ह्याला काय मिळालं, हे विचारायचं नसतं. पण जून २०२४ मध्ये तेव्हाच्या अर्थमंत्र्यांनी, म्हणजे बारामतीच्याच आमदारांनी, लाडक्या बहिणीला महिना पंधराशे जाहीर केले आणि इकडे पारावर काळजी सुरू झाली. बायकांच्या हातात पैसा आला, आता उधळणार!

जसा काही पहिल्यांदाच आला. करवंदं-जांभळं पाटीत घालून एसटी स्टँडवर कोण बसत होतं? अंड्यांचे पैसे तांदळाच्या डब्यात कोण दडवत होतं? घरधनी मुंबईत गिरणीला. मनीऑर्डर आली की तेवढ्यात वाण्याची उधारी, पोरांची फी, भावकीतल्या लग्नाचा आहेर असं सगळं बसवायचं. १९८२ चा संप झाला, मनीऑर्डर आटली, गडी गावाकडे परतले. चूल पेटत राहिली, ती संपकऱ्यांच्या भाषणांवर नव्हे. जनगणनेच्या कागदावर मात्र ही बाई ‘घरकाम करणारी’, म्हणजे काम न करणाऱ्यांत जमा.

पुढे ज्ञान प्रबोधिनीने वेल्ह्यात बचत गट बांधले. बायका थोडे थोडे टाकून एकमेकींना कर्ज देऊ लागल्या. बाई हप्ता बुडवत नाही हे कळल्यावर बँकाही आल्या, आणि बँकांमागून घरातले पुरुष. गटातून उचल तिच्या नावावर, मोटरसायकल त्याच्या बुडाखाली.

नियम साधा आहे. रक्कम डब्यात मावते तोवर ती बाईची. डब्याबाहेर गेली की बाप्याची.

जमीन तर डब्यात मावतच नाही. धरणाकाठी पुणेकरांची फार्महाउसं उठली, गुंठ्याला भाव आला, तशी भावांना बहिणींची आठवण येऊ लागली. वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतका वाटा महाराष्ट्राने १९९४ मध्ये दिला, देशाने २००५ मध्ये. म्हणून तर गाडी पाठवून बोलावतात! निबंधक कार्यालयात हक्कसोडपत्र, येताना भोरच्या बाजारातून साडी. तिला व्यवहार कळतो का, ही शंका त्या दिवशी कुणालाच येत नाही. पंधराशेच्या ई-केवायसीला नवऱ्याचा नाही तर बापाचा आधार लागतो. लाखांवर पाणी सोडायला तिची सही पुरते.

तायांनो, माहेरचा डिजिटल सातबारा पंधरा रुपयांत निघतो. या महिन्याच्या पंधराशेतले तेवढे आधी खर्च करा. साडीचं नंतर बघू.