पेव्हर ब्लॉक आणि ड्रोन

देश युद्धात असताना पालिकेच्या सभेत गटाराच्या झाकणावर बोलणारा नगरसेवक वेळ वाया घालवतोय, असं ज्यांना वाटतं त्यांच्याशी माझं भांडण आहे. आणि ते भांडण मी युक्रेनचा दाखला देऊन करणार आहे, कारण तिथे हा वाद चहाच्या टपरीवरचा नाही. तिथे लोक मरतायत आणि तरीही पालिकेच्या दारात उभं राहून हिशेब मागतायत.

फेब्रुवारी 2022 मध्ये रशियाने हल्ला केला. तेव्हापासून आपल्या वर्तमानपत्रांनी रणगाडे मोजले, क्षेपणास्त्रांची नावं पाठ केली, झेलेन्स्की आणि पुतिन यांच्यावर पानंच्या पानं लिहिली. त्या देशात 1470 च्या आसपास स्थानिक संस्था आहेत. तिथे त्यांना ह्रोमादा म्हणतात. बऱ्याच ठिकाणी एक लहान शहर, भोवतीची गावं आणि सगळ्यांचा मिळून एक कारभार. शत्रूच्या ताब्यात गेलेल्या सोडल्या तर बाकीच्यांनी पाणी सोडलं, कचरा उचलला, बस चालवली, मेलेल्यांना जागा दिली. याबद्दल आपण किती वाचलं? जवळपास काहीच नाही.

एखाद्या छोट्या शहराच्या सभेची विषयपत्रिका कशी असते ते बघा. बालवाडीच्या तळघराचं आश्रयस्थान करायचं, त्याचा खर्च. पंपिंग स्टेशनसाठी जनरेटर. घरं गरम ठेवणाऱ्या कंपनीची थकबाकी. शहीद सैनिकाच्या कुटुंबाला मदत. रस्त्यांची नावं बदलणं, कारण 2023 च्या कायद्याने रशियन साम्राज्याची आठवण सांगणारी नावं पुसायची जबाबदारी पालिकांवर टाकली आणि गावोगावचे पुश्किन मार्ग एकापाठोपाठ एक गेले. आणि दफनभूमीसाठी वाढीव जागा. हा शेवटचा विषय ज्या सभेपुढे येतो, तिथे हात वर करणाऱ्या सदस्यांपैकी कुणाचा मुलगा आघाडीवर असतो, कुणाचा त्याच जागेत जाणार असतो. ठराव तरीही करावा लागतो. जागा लागतेच.

हे काम क्षुल्लक आहे असं निदान रशियाच्या सैन्याला वाटलं नाही. कीव्हजवळच्या होस्तोमेलचे प्रमुख यूरी प्रिलिप्को मार्च 2022 मध्ये लोकांना पाव आणि औषधं वाटताना मारले गेले. मोतिझिन नावाच्या गावच्या प्रमुख ओल्हा सुखेन्को, त्यांचा नवरा आणि मुलगा, तिघांचे मृतदेह उथळ खड्ड्यात सापडले. मेलितोपोलचे महापौर इव्हान फेदोरोव्ह यांना 11 मार्चला डोक्यावर पिशवी घालून उचललं. त्यांच्या जागी मर्जीतली एक नगरसेविका बसवली. लोक रस्त्यावर आले, आमचा महापौर परत द्या म्हणून ओरडले. पाच दिवसांनी नऊ रशियन सैनिकांच्या बदल्यात फेदोरोव्ह सुटले.

स्लावुतिचचं उदाहरण मला त्याहून मोठं वाटतं. चेर्नोबिलच्या दुर्घटनेनंतर तिथल्या कामगारांसाठी वसवलेलं हे गाव, वस्ती पंचवीस हजारांच्या आसपास. 26 मार्चला सैन्य शिरलं, महापौर यूरी फोमिचेव्ह यांना धरलं. गावकरी झेंडा घेऊन चौकात जमले. हवेत गोळ्या झाडल्या, आवाजाचे बॉम्ब टाकले, लोक हलले नाहीत. त्याच दिवशी महापौराला सोडावं लागलं. आता विचार करा, आपल्या गावात कुणी नगराध्यक्षाला उचलून नेलं तर चौकात किती जण जमतील? लोक नगराध्यक्षासाठी बंदुकीसमोर उभे राहतात ते त्याच्या भाषणांमुळे नव्हे. कुठल्या गल्लीत कोण एकटी म्हातारी राहते, कुणाला इन्सुलिन लागतं, कुठली विहीर चालू आहे, हे त्याला ठाऊक असतं म्हणून. शहर ताब्यात घ्यायचं तर हे ठाऊक असलेला माणूस आधी बाजूला करावा लागतो. शत्रूला हे बरोबर कळलं होतं.

व्होझनेसेन्स्कमध्ये तर बांधकामाच्या यंत्रांनीच लढाई निम्मी जिंकून दिली म्हणायला हरकत नाही. पस्तीस हजारांचं गाव, पलीकडे अणुवीज केंद्राचा रस्ता. तरुण महापौर येव्हेनी वेलिच्को यांनी स्थानिक ठेकेदारांची यंत्रं कामाला लावली, रस्ते अडवले, नदीचा काठ असा खणला की वाहनं उतरू नयेत. पूल लष्कराने उडवला. मार्चच्या सुरुवातीला आलेली रशियन तुकडी तिथून मागे फिरली.

पण पहिल्या महिन्याचं शौर्य सगळ्यांना आठवतं. माझं म्हणणं त्यानंतरच्या वर्षांबद्दल आहे, जेव्हा कॅमेरे निघून जातात आणि नळ कोरडा राहतो.

निकोपोल घ्या. नीपर नदीवर, काखोव्का धरणाच्या जलाशयाच्या काठी वसलेलं, युद्धाआधी लाखभर वस्तीचं शहर. समोरच्या काठावर रशियाच्या ताब्यातलं झापोरीझ्झिया अणुवीज केंद्र. जुलै 2022 पासून समोरून तोफा सुरू झाल्या, पुढे ड्रोन आले. उलट मारा करायचा तर समोर अणुभट्ट्या. अशा शहरात 6 जून 2023 ला काखोव्का धरण फुटलं. 1950 च्या दशकात बांधलेलं, 18 घनकिलोमीटर पाण्याचं धरण. खालच्या अंगाला खेरसनकडे पूर आला, जगाने तो पाहिला. वरच्या अंगाला निकोपोलमध्ये उलट झालं, पाणी निघून गेलं. दोन दिवसांत पातळी 12.7 मीटरच्या खाली आली. हा आकडा पाणीपुरवठा खात्यातल्या कुणालाही विचारा: उपसा करणारे पाइप ज्या पातळीपर्यंत पाणी ओढू शकतात ती शेवटची रेघ. त्याखाली पंप नुसता हवा ओढतो.

मग टँकर. मराठवाड्यातल्या वाचकाला टँकर म्हणजे काय ते सांगायला नको. पण या टँकरच्या रांगेवर तोफेचा गोळा पडू शकतो, एवढा फरक लक्षात घ्या. रांग कुठे लावायची हा तिथे जिवाचा प्रश्न आहे. भिंतीआड की उघड्यावर, सकाळी की दुपारी, एका जागी शंभर माणसं की दहा जागी दहा-दहा? हा निर्णय सेनापती घेत नाही. पाणीपुरवठा विभागातला कुणीतरी कर्मचारी वहीत गल्ल्यांची नावं लिहून घेतो. नव्या पाइपलाइन टाकून पाणी परत आणायला महिने लागले, आणि आधी नळाला आलं ते पाणी पिण्याजोगं नव्हतं. फुटलेली लाइन जोडायला जाणाऱ्या माणसाला खड्ड्यात उतरावं लागतं आणि खड्ड्यातून वर आकाशात काय घिरट्या घालतंय ते दिसत नाही. या माणसाला कुणी वीर म्हणत नाही. मी म्हणतो.

पालिकेचा हलगर्जीपणा युद्धात माणसं मारतो हेही तितकंच खरं. 1 जून 2023 च्या पहाटे कीव्हमध्ये भोंगा वाजला, लोक दवाखान्याच्या आश्रयस्थानाकडे धावले. दार बंद होतं. बाहेर तिघं मेली, त्यात एक आई आणि तिची नऊ वर्षांची मुलगी. कीव्ह लहान शहर नाही, पण कुलूप लहान शहरातही तेच असतं. त्यानंतर देशभर तपासणी झाली आणि पहिल्याच दिवशी शेकडो आश्रयस्थानं कुलूपबंद किंवा निकामी सापडली. किल्ली कुणाकडे आहे हा प्रश्न सभेत आधी विचारणारा सदस्य किरकिऱ्या ठरला असता. त्या किरकिरीने तीन जीव वाचले असते.

आणि आता पेव्हर ब्लॉक.

2023 च्या उन्हाळ्यात युक्रेनमध्ये लोकांचा संताप फरसबंदीवर निघाला. आघाडीवरचा सैनिक ड्रोनसाठी वर्गणी काढतोय आणि पालिका चौकात नवी फरशी बसवतेय, उद्यानं सजवतेय, हे लोकांना सरकारी खरेदीच्या संगणकीय व्यवस्थेत दिसलं. प्रोझोरो हे तिचं नाव. कोण काय, किती किमतीला विकत घेतो ते तिथे कुणालाही उघडून बघता येतं. लोकांनी बघितलं. जुलैत झेलेन्स्की यांनी स्वतः सांगितलं की फरसबंदी, शहराची सजावट आणि कारंजी आता थांबू दे. सप्टेंबरपासून कीव्ह, ओदेसा आणि इतर शहरांत लोक पालिकांसमोर उभे राहू लागले. मागणी एकच: हा पैसा सैन्याला द्या. लष्करी कायदा लागू असताना, ज्यात सभा-मोर्च्यांवर बंधनं असतात, लोक आठवड्यामागून आठवडे फलक घेऊन येत राहिले. त्यांत सैनिकांच्या बायका होत्या, आया होत्या.

यात मी लोकांच्या बाजूने आहे, पण एक गोष्ट ठणकावून सांगतो. प्रत्येक फरशी चैन नसते. तोफगोळ्याने उखडलेल्या पदपथावरून, पाय गमावलेला तरुण चाकाच्या खुर्चीवरून जाणार आहे. त्याला उतार हवा, सपाट रस्ता हवा. शाळेच्या तळघरापर्यंतची वाट चिखलाची असून चालणार नाही, कारण भोंगा वाजल्यावर तिथून पहिलीची पोरं पळणार आहेत. गटार तुंबलं तर रोगराई येते आणि तीही माणसं मारते. तेव्हा प्रश्न फरशी की ड्रोन असा नाहीच. कुठली फरशी, कुणासाठी, किती दराने, हा आहे. तो विचारायला निविदेची कागदपत्रं उघडी लागतात आणि सभा उघडी लागते. 2024 मध्ये तिथल्या संसदेने स्थानिक सभांचं चित्रीकरण लोकांसमोर ठेवणं बंधनकारक केलं, आघाडीजवळच्या भागांना सुरक्षेसाठी वगळून. युद्धाच्या तिसऱ्या वर्षी कारभार जास्त उघडा करणारा कायदा! गुप्ततेचं कारण पुढे करणाऱ्या कुठल्याही पालिकेच्या तोंडावर तो फेकावा.

कीव्हच्या केंद्र सरकारचंही सगळंच बरोबर नाही. सैनिकांच्या पगारावरचा आयकर पूर्वी स्थानिक तिजोरीत जायचा. छावणी असलेल्या लहान गावांना त्यातून मोठा पैसा मिळायचा. ऑक्टोबर 2023 पासून तो केंद्राने घेतला. लढाईसाठी घेतला, कारण पटतं. पण त्या गावांवरची कामं तेवढीच राहिली: विस्थापितांची सोय, जनरेटर, आश्रयस्थानं, दफनभूमी. पैसा काढून घेतला तर ओझंही उचलायला हवं होतं. शिवाय निवडून आलेल्या पालिकेच्या डोक्यावर लष्करी प्रशासक नेमण्याची सवय लागली. चेर्निहीव्हमध्ये, आघाडी दूर सरकल्यानंतर, फेब्रुवारी 2023 मध्ये असा प्रशासक आला, आणि पालिका आणि प्रशासन यांची ओढाताण सुरू झाली. तोफांच्या माऱ्याखाली असं करणं समजू शकतो. राजकीय विरोधकाला आवरायला युद्धाचं कारण वापरलं जात असेल तर ते वाईटच, मग नेमणारा झेलेन्स्की असो की आणखी कुणी.

ऑक्टोबर 2025 मध्ये तिथल्या पालिकांची निवडणूक व्हायची होती. लष्करी कायद्यामुळे झाली नाही. 2020 ला निवडून आलेलेच सदस्य काम चालवतायत. त्यांच्याकडे युद्धाचं कारण आहे.

आपल्याकडे कोणतं होतं? महाराष्ट्रातल्या बहुतेक नगरपरिषदांच्या मुदती 2021 आणि 2022 च्या सुमारास संपल्या आणि मतदान झालं थेट 2 डिसेंबर 2025 ला, तेही सर्वोच्च न्यायालयाने कालमर्यादा घालून दिल्यावर. मधली वर्षं प्रशासक. ना तोफ, ना भोंगा. आरक्षणाचा खटला, प्रभागरचनेचा घोळ आणि सत्ताधाऱ्यांची बेफिकिरी. त्या काळात किती चौकांत किती पेव्हर ब्लॉक बसले आणि उखडले, ते विचारायला सभागृहात एकही निवडून आलेला माणूस नव्हता. आणि आपण चौकात जमलो नाही.

आता सभागृहं भरली आहेत. नगरपरिषदेच्या सर्वसाधारण सभेला नागरिकाला प्रेक्षक म्हणून बसता येतं. पुढची सभा कधी आहे ते मुख्याधिकाऱ्यांच्या कार्यालयात विचारा, विषयपत्रिका मागा आणि जाऊन बसा.